डिसेंबरातला भोपळा

बॉस्टनच्या आसपास राहायचं आणि बटरनट स्क्वॉश रांधायचा नाही, हे मला पटत नाही. हा भोपळा इथलाच आहे. १९४०च्या दशकात स्टो गावच्या चार्ल्स लेगेट यांनी तो तयार केला. बाजारात ज्याचं नाव दिसतं तो ‘वॉल्टहॅम बटरनट’ शेजारच्या वॉल्टहॅमच्या शेती संशोधन केंद्रातला. आपल्याकडचा बराचसा लाल भोपळाही त्याच कुकुर्बिटा मोस्काटा जातीचा, म्हणजे पाहुणा कुणीच नाही.

परवा शनिवारी आठ माणसं जेवायला होती. त्यात मित्राची आई, पुण्याहून हिवाळ्याच्या ऐन मध्यात आलेल्या. मार्गशीर्ष असल्यामुळे काकूंना कांदा-लसूण चालणार नव्हता. अंडं आणि मांस तर नाहीच. बेत ठरला: स्क्वॉश घातलेला, ओव्हनमध्ये भाजलेला पास्ता.

काकू दुपारीच आल्या आणि सुरी हातात घेऊन थबकल्या. “अरे, पहिली चीर तू दे. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नसतो.” दिली. एरवी या रिवाजावर मी वाद घातला असता, पण बटरनटचं साल इतकं चिवट असतं की तो चिरायचं काम मी स्वतःच केलेलं बरं.

सोलायच्या भानगडीत पडूच नका. दीड किलोचा भोपळा उभा अर्धा करायचा, बिया काढायच्या, तेल-मीठ चोळून चिरलेली बाजू खाली ठेवायची आणि ४०० फॅरनहाइटला पाऊण तास भाजायचा. मग गर चमच्यानं निघतो. बरेच लोक फोडी पास्त्यात टाकतात. मला ते आवडत नाही. मध्येच गोड घास येतो. गर सॉसमध्येच घोटून घ्यावा.

सॉस असा: दोन मोठे चमचे लोणी, तेवढाच मैदा, तीन कप दूध, जायफळ. लोण्यात सेजची (एका सुगंधी वनस्पतीची) पानं आधी कुरकुरीत तळून बाजूला काढायची. सेजऐवजी कढीपत्ता घालू का, असं विचारणारे भेटतात. घाला, पण मग तो वेगळा पदार्थ होतो. सॉस पातळच हवा, कारण ओव्हनमध्ये पास्ता तो पिऊन टाकतो. एक पाकीट, म्हणजे ४५४ ग्रॅम रिगातोनी (नळीसारखा पास्ता), पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा तीन मिनिटं आधीच उपसायचा. त्याचं खारट पाणी सॉस पातळ करायला कपभर राखून ठेवायचं.

खरी गोम चीजची. शाकाहारी पदार्थ म्हणून लोक बिनधास्त वर परमेजान किसतात. इटलीतल्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोचं दूध वासराच्या पोटातून काढलेल्या रेनेट नावाच्या विरजणासारख्या पदार्थानंच थिजवावं लागतं, तसा नियमच आहे. म्हणून मी व्हरमाँटचं जुनं, तिखटसर पांढरं चेडर आणतो, पण वेष्टनावर ‘व्हेजिटेरियन’ वाचूनच. नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलं असेल तर परत फळीवर. चव म्हणाल तर इथे चेडरच बरं लागतं. भोपळ्याच्या गोडीला तेच आवरतं. शिवाय मिरी हात सैल सोडून आणि थोडी लाल मिरची.

सगळं एकत्र करून ओव्हनच्या पसरट भांड्यात पसरायचं, वर लोण्यात परतलेला पावाचा चुरा आणि अक्रोड. हे दुपारी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, आणि बर्फ पडत असताना पाहुणे कधी वेळेवर आलेत? दारात बूट वाजले की ३७५ला वीस मिनिटं फॉइल लावून, मग पंधरा मिनिटं उघडं. थेट फ्रिजमधून काढलं असेल तर झाकून आणखी दहा मिनिटं.

सोबत लिंबू पिळलेला अरुगुला (सॅलडचा तिखटसर पाला), बस्स. लसणाचा पाव वेगळा ठेवला होता, ज्यांना चालतो त्यांच्यासाठी. काकूंनी मात्र बॅगेतून लिंबाचं लोणचं काढलं आणि पास्त्याला लावून दोनदा वाढून घेतलं. लोणचं लावून मीही नंतर खाऊन पाहिलं, अगदी बरोबर आहे ते. उरलेला पास्ता दुसऱ्या दिवशी चौकोनी कापून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करा. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर लगदा होईल.