तुम्ही विचारलंत म्हणून: सस्पेन्शनमध्ये नेमके काय ॲडजस्टेबल ठेवावे?

"गाडी स्वतःच बांधताय, तर सस्पेन्शनमधली प्रत्येक गोष्ट ॲडजस्टेबल का ठेवत नाही?" पुण्याहून फोन करणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि इथले मित्र, दोघेही मला हे वारंवार विचारतात. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहत्या घराच्या गॅरेजमध्ये मी दोन आसनांची एक हलकी गाडी बांधतो आहे. लोटसने १९५७ साली आणलेल्या 'सेव्हन'च्या धर्तीवरची ही गाडी आहे. चौकोनी नळ्यांची चौकट, पुढे इंजिन, मागच्या चाकांना गती आणि चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाक चौकटीला जोडणारे वर-खाली दोन त्रिकोणी हात. माझे उत्तर असे, की जिथे आपल्या हातून चूक होणार हे ठाऊक आहे, किंवा जिथे गाडी चालवून पाहिल्याशिवाय आकडा ठरत नाही, तिथेच ॲडजस्टमेंट द्यावी आणि बाकी सारे पक्के वेल्ड करून टाकावे.

चूक होतेच. वेल्डिंगचा टाका थंड होताना आकसतो आणि ब्रॅकेटला आपल्या बाजूला ओढतो; जिगमध्ये, म्हणजे भाग जागेवर धरणाऱ्या साच्यात, आवळलेली चौकट मोकळी केली, की एखादा ब्रॅकेट दीड-दोन मिलिमीटर सरकलेला सापडतो. चाकाला विशबोनशी जोडणाऱ्या वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधले अंतर २३० मिलिमीटर असेल, तर वरचा जॉइंट १ मिलिमीटर आत किंवा बाहेर गेल्याने कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाकाचा उभ्या रेषेशी कल, पाव अंशाने बदलतो. म्हणजे २ मिलिमीटरला अर्धा अंश, आणि मला कॅम्बर हवा आहे तो अवघा उणे एक ते दीड अंश (उणे म्हणजे चाकाचा माथा आत कललेला). डाव्या आणि उजव्या चाकात एवढा फरक राहिला तर गाडी एका बाजूला ओढते. तेव्हा कॅम्बर बदलता यायला हवा, याबद्दल वाद नाही.

तो कसा बदलता यावा, हा खरा प्रश्न आहे. पहिल्यांदा सर्वांना रॉड एंडच, म्हणजे आट्याच्या दांडीवर बसवलेला फिरता सांधाच, सुचतो: विशबोनच्या टोकाला आटे पाडायचे, रॉड एंड आत-बाहेर फिरवायचा आणि तो हलू नये म्हणून चेकनट आवळायचा. परंतु १२ मिलिमीटरच्या नेहमीच्या आट्याचे पिच १.७५ मिलिमीटर असते आणि जोडाचा बोल्ट पुन्हा बसवायचा तर किमान अर्धा फेरा द्यावाच लागतो; म्हणजे सर्वांत लहान पाऊल जवळजवळ ०.९ मिलिमीटरचे, त्यापेक्षा बारीक काही साधत नाही. याहून गंभीर आक्षेप ताकदीचा आहे. रॉड एंड ताण आणि दाब उत्तम सोसतो, वाकणे सोसत नाही. खालच्या विशबोनवर स्प्रिंग टेकलेली असल्यामुळे त्या कोपऱ्याचे वजन, खड्ड्याचा धक्का आणि ब्रेकचा जोर हे सगळे त्याच्या बाहेरच्या टोकातून जाते, आणि तिथे रॉड एंड बसवला तर तो आट्यांच्या मुळाशी वाकू पाहतो. आट्याची प्रत्येक खाच ही तडा सुरू होण्याची तयार जागा असते. माझ्या विशबोनची पहिली जोडी मी अशीच बनवली होती; खड्ड्यासाठी स्थिर वजनाच्या तिप्पट भार धरून हिशेब केला आणि ती जोडी गाडीला न लावताच कापून टाकली.

आता खालचा जॉइंट पक्क्या घरात बसवलेला आहे. वरचा जॉइंट नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागाला, बोल्टने धरलेल्या एका लहान ब्रॅकेटमध्ये आहे आणि त्या ब्रॅकेटमागे पातळ चकत्या घालता येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या वर्कशॉपमध्ये मी फिटरचे काम शिकलो, तिथे या चकत्यांना पॅकिंग म्हणत, आणि मीही तेच म्हणतो. अर्ध्या मिलिमीटरच्या एका पॅकिंगने कॅम्बर एक अष्टमांश अंशाने बदलतो, कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहताना दोन्ही बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेचा मागे कल, जागचा हलत नाही, आणि कोणताही आटा भार झेलत नाही.

गाडीच्या उंचीबाबत एक गैरसमज इतका पसरलेला आहे, की तो इथे दूर करणे मला आवश्यक वाटते. शॉक ॲब्झॉर्बरवरची आटे असलेली कडी वर फिरवली की स्प्रिंग कडक होते, असे अनेक जण मानतात. साधी सरळ स्प्रिंग तेवढीच राहते. गाडी फक्त वर उचलली जाते. चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगचा कडकपणा आणि हालचालीच्या गुणोत्तराचा (चाक जितके हलते त्याच्या किती पट स्प्रिंग दबते) वर्ग यांच्या गुणाकाराने ठरतो. माझे गुणोत्तर ०.७ आहे, म्हणून २६ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकापाशी १२.७ एवढीच उरते, आणि कोपऱ्यावर १२० किलो धरले तर गाडी सेकंदाला सुमारे १.६ वेळा हेलकावते. हे बदलायचे असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते. कडीचे खरे काम चार कोपऱ्यांचे वजन जुळवण्याचे आहे. पुढची डावी कडी वर केली, की त्या चाकाबरोबर कर्णावरच्या मागच्या उजव्या चाकावरचेही वजन वाढते आणि उरलेल्या दोघांवरचे कमी होते. हे काम आसनावर चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी, दोन्ही बाजूंची चाके जोडणारी दांडी) सोडवूनच करावे.

स्टिअरिंगच्या टाय रॉडची, म्हणजे चाकाला वळवणाऱ्या दांडीची, उंची मात्र मी बदलती ठेवली ती तात्पुरतीच. ही उंची चुकली तर चाक नुसते वर-खाली होतानाही वळते, आणि उंचवट्यावर गाडी हातचे स्टिअरिंग न हलवता दिशा सोडते. स्प्रिंग काढून, जॅकने चाक १० मिलिमीटरच्या टप्प्यांनी उचलून, हबला लावलेल्या फळीच्या दोन्ही टोकांना डायल गेज टेकवून मी सलग तीन रविवार मापे घेतली. टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाखाली ४ मिलिमीटर पॅकिंग घातल्यावर वळणे जवळजवळ थांबले. मग ते सुटे पॅकिंग काढले आणि त्याच जाडीचा एकसंध स्पेसर लेथवर काढून घेतला. आता तिथे बदलण्यासारखे काही ठेवलेले नाही.

कॅस्टर साडेपाच अंशांवर पक्का आहे. अशा गाडीला इथे रस्त्यावर येण्याआधी तपासणी द्यावी लागते आणि स्टिअरिंग सोडल्यावर ते आपणहून सरळ होऊ पाहते की नाही, हेही तीत पाहिले जाते. हलक्या गाडीला त्यासाठी भरपूर कॅस्टर लागतो, आणि तो कमी करण्याचे कारण मला पुढेही दिसत नाही.

टो, म्हणजे वरून पाहताना चाके पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर वळलेली असणे, तेवढा उरतो, आणि तो सर्वांत शेवटी, कारण उंची किंवा कॅम्बर हलवला की टो बदलतोच. त्यासाठी गाडीच्या दोन्ही अंगांना गवंडी लावतो तशी दोरी ताणतो, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतची अंतरे पोलादी पट्टीने मोजतो, लांबी बदलण्यासाठी टाय रॉड फिरवतो, चेकनट आवळतो आणि गाडी थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजतो.