किंचितचा पूर

आमच्या खेळात ‘किंचित’ या शब्दावर बंदी आहे. तो ज्याच्या हातून सुटेल त्याने रविवारी सगळ्यांना मिसळ चारायची, वर जादा दही-पापडाचे पैसेही त्याचेच. गेल्या पावसाळ्यापासून मी एकट्याने अकरा वेळा पाकीट उघडलं आहे आणि येत्या रविवारी बारावी खेप. गंगापूर रोडला आम्ही जातो तिथला पोऱ्या आता विचारतसुद्धा नाही, बिल थेट माझ्या पुढ्यात ठेवतो.

खेळ तसा जुनाट. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. शाळेपासूनचे आम्ही पाच जण. त्यातला एक सातपूरला कारखान्यात आहे. त्याने हा खेळ हौसेने लिहिला आणि इंदिरानगरच्या त्याच्या घरात, माळ्याखाली ठेवलेल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर तो चालतो. रात्री साडेदहाला घरचे झोपायला गेले की आम्ही पेशवाईतल्या नाशकात जमतो. ‘तुम्ही सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर उभे आहात. खाली गल्ली. नदीकडून वारा येतो आहे.’ एवढं पडद्यावर येतं, बाकीचं नाशिक ज्याने त्याने आपापल्या डोक्यात उभं करायचं.

बोलायचं असेल तर सरळ लिहायचं. काही करायचं असेल तर ओळीच्या आधी विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची. मग पात्राचं नाव आपोआप पुढे लागतं. मी दोन टिंबं देऊन ‘किंचित हसतात’ लिहिलं की पाचही पडद्यांवर ‘गंगाधरपंत किंचित हसतात’ असं उमटतं. गंगाधरपंत म्हणजे मी, वाड्यावरचा हिशेबनीस. स्वतःच्याच पात्राला अहो-जाहो करणारा मी एकटाच, यावरून आमच्यातल्या बाईंनी (त्या खरोखरच शाळेत बाई आहेत) मला पुष्कळ छेडलं. पण हिशेबनीसाला ‘हसतो’ कसं म्हणायचं? पगडी आहे हो डोक्यावर.

ही दोन टिंबांची युक्ती आमची नव्हे. अनेकांनी मिळून खेळायचा असा पहिला अक्षरी खेळ रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू केला. त्याचं नाव मड. पुढे या जातीच्या सगळ्याच खेळांना मड म्हणू लागले. १९८९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स अ‍ॅस्प्नेसच्या टायनीमडमध्ये दोन टिंबं देऊन हवी ती कृती लिहिता येत होती. कोपनहेगनच्या पाच विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये बाहेर आणलेल्या डिकूमडमध्ये तर आयत्या कृतींची यादीच होती. एक शब्द टाकला की ‘मान मागे टाकून वेड्यासारखा खदाखदा हसतो’ अशा अर्थाचं अख्खं वाक्य तयार. जगभरची पोरं रात्रंदिवस मान मागे टाकून हसत होती. त्यांच्या मानांचं पुढे काय झालं देव जाणे.

मी त्या माना पाहिल्या आहेत. कॉलेजात असताना, २००३ च्या सुमारास, कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत तासाला पंचवीस रुपये देऊन मी असल्याच एका इंग्रजी खेळात पुजारी व्हायचो. बाजूच्या केबिनमध्ये जोड्या बसलेल्या असायच्या, कॅफेवाल्याला माझ्या पडद्यावरची अक्षरं बघून मी अभ्यास करतो असं वाटायचं. माझं इंग्रजी जिल्हा परिषदेच्या शाळेतलं. खेळात जे दिसेल ते उचलायचो. तिथे जो तो ‘स्मर्क’ करत असे. चोर स्मर्क करी, जादूगार स्मर्क करी, दारूच्या गुत्त्याचा मालक तर पेला पुसतानाही स्मर्क करी. मला वाटलं, स्मितहास्याचंच हे काहीतरी आटोपशीर रूप असेल. मीही सुरू केलं. कुणाला आशीर्वाद दिला, स्मर्क. लग्न लावलं, स्मर्क. पुढे खेळातला राजा मेला. दहा-बारा देशांतली माणसं शवपेटीभोवती जमली होती आणि शेवटचा मंत्र म्हणून मी त्या राजाच्या विधवेकडे बघून स्मर्क केलं. पडद्यावर शांतता. मग एका फिनलंडवाल्याने खाजगीत विचारलं, की विष तूच घातलंस का? त्या दिवशी घरी जाऊन शब्दकोश उघडला. छद्मी हसणे. कुत्सित हसणे. आठ महिने माझा पुजारी नवरा-नवरीकडे बघून कुत्सित हसत होता आणि सगळ्यांनी त्याला फार गहिरं पात्र समजून मान दिला होता.

मराठीत खेळायला लागल्यावर वाटलं, आता ही भानगड नाही. आपली भाषा, आपले शब्द. पण मराठीने वेगळ्या खोड्या काढल्या.

पहिली खोडी विभक्तीची. नाव पुढे चिकटवणाऱ्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला व्याकरण कुठे येतं? आमच्यातल्या पुणेकराचा तलवारबाज रुद्र. त्याने ‘तलवार उपसली’ लिहिलं की पडद्यावर ‘रुद्र तलवार उपसली’. सातपूरकराने मग नावाला ‘ने’ जोडून दिला. तलवार नीट उपसली गेली, पण लगेच ‘रुद्रने हसला’ आणि ‘रुद्रने घोड्यावरून पडला’ असं सुरू झालं. दोन दिवसांत ‘ने’ काढला आणि सगळ्यांनी मुकाट वर्तमानकाळ धरला. उपसतो, हसतो, पडतो. तेव्हापासून आमची पेशवाई रेडिओवरच्या कॉमेंट्रीसारखी चालते.

दुसरी खोडी लिंगाची. इंग्रजीतली यक्षिणी आणि यक्ष एकाच क्रियापदाने हसतात. मराठीत दर वाक्याच्या शेपटाला ‘तो’ किंवा ‘ते’ लटकलेलं. आमचा सिन्नरचा औषधदुकानदार यमुना नावाची वैदीण खेळतो. पहिले दोन आठवडे ती ‘दार उघडतो’, ‘काढा उकळतो’. बाई तिला दर वेळी लाल शाईत दुरुस्त करायच्या. म्हणजे लाल शाई नव्हती, पण ती आम्हाला दिसायची.

आणि मग ते शब्द. घासून घासून गुळगुळीत झालेले. प्रत्येकाचा वेगळा. सिन्नरकराचं सगळं ‘कन’ने चालतं. यमुना गर्रकन वळते, चटकन उठते, झटकन पदर सावरते, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं आणि लगेच ती खुदकन हसते. एका रात्री ती इतकी कनकन करत होती, की रुद्रने तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. बाईंचा गोसावी ‘नजर रोखून’ पाहतो. भाकरीकडेही नजर रोखून. सातपूरकर ‘दीर्घ सुस्कारा’ सोडतो, तो कारखान्यातून आणलेला असावा. आणि पुणेकराचा रुद्र काहीही करण्याआधी क्षणभर थांबतो. क्षणभर थांबून दार ठोठावतो, क्षणभर थांबून शिवी देतो. एकदा भर लढाईत क्षणभर थांबला आणि तेवढ्यात खांद्यावर वार बसला.

यात गंमत अशी, की मराठीत हसण्याचा काय तुटवडा आहे? गालातल्या गालात हसता येतं, खो खो हसता येतं, फिदीफिदी, मिश्कील, कसनुसं, ओशाळं, पोट धरधरून हसता येतं. दात काढता येतात. हे सगळं कोठारात असताना माणूस हात घालतो तो एकाच बरणीत. मी याचा बराच विचार केला आहे. (दंड भरणाऱ्याला विचार करायला सवड मिळते.) मला वाटतं, चौघे जण वाट बघत असतात, कर्सर लुकलुकत असतो आणि आपलं पात्र तिथे बिनचेहऱ्याचं उभं असतं. मी काही लिहिलं नाही तर गंगाधरपंत पायरीवर आहेत की पाणी प्यायला गेलेत, कुणाला कळणार? म्हणून आधी जो हाताला लागेल तो चेहरा घाईघाईने लावायचा. पत्रांत हेच चालायचं. आमचे आजोबा ‘स. न. वि. वि.’शिवाय पोस्टकार्ड सुरू करत नसत. पेशवाईतली पत्रं उघडा, ‘बहुत काय लिहिणें’ म्हणत संपतात, मग आधी दोन ओळी लिहिलेल्या असोत की दोन बंद. मोरोपंत असो की माणकोजी, कुणाचंही त्या तीन शब्दांवाचून अडल्याशिवाय राहत नसे. तसं माझं किंचितवाचून अडतं.

शिवाय या खेळात शब्द चुकला तर जीव जातो. वाड्याखालच्या भुयाराच्या तोंडाशी आम्ही उभे होतो. आत दगड ढासळलेले. रुद्रने विचारलं, पंत, शिरायचं का? मी लिहिलं, ‘गंगाधरपंत मान हलवतात.’ माझ्या डोक्यात ती आडवी हलत होती. पुणेकराच्या डोक्यात उभी हलली. रुद्र क्षणभर थांबला आणि आत शिरला. छत खाली आलं. पाच वर्षं सांभाळलेलं पात्र गेलं. समोर बसलेल्या माणसाने मान हलवली तर हो की नाही ते दिसतं, अक्षरांत दिसत नाही, हे मला तरी तेव्हा कुठे माहीत होतं? त्या दिवसापासून आम्ही ‘होकारार्थी मान हलवतात’ असं तहसील कचेरीतलं मराठी लिहितो. पुणेकर मात्र बोलायचाच थांबला. मी मुद्दाम केलं असं त्याला वाटलं. फोन उचलेना, ग्रुपवर उत्तर देईना. नाशकात येऊन गेला तेही आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं.

‘किंचित’ची बंदी त्यानंतरची. पाऊस लागला होता, धरणातून पाणी सोडलं होतं आणि गोदाघाटावर लोक नेहमीप्रमाणे दुतोंड्या मारुती बघायला गर्दी करत होते. नाशकात पुराची मोजणी तिथेच. सरकारी आकडे क्युसेक्समध्ये येतात, पण घराघरांत विचारतात, दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलंय? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीला लागलं. त्याच आठवड्यात सातपूरकराने तीन महिन्यांची सगळी नोंद काढून शब्द मोजले. ‘किंचित’ ४१२ वेळा. त्यातले २७६ माझे. किंचित हसतात, किंचित वाकतात, किंचित खोकतात, एके ठिकाणी ‘किंचित संतापाने लालबुंद होतात’. बाई म्हणाल्या, दुतोंड्याच्या नाकात पाणी गेलंय, दरवाजे बंद करा. तिथल्या तिथे ठराव झाला. प्रोग्रॅमलाच सांगून ठेवलं, शब्द दिसला की दंडाची ओळ टाकायची.

मी पळवाटा शोधल्या. ‘जरासे’ हसून बघितलं, मिळमिळीत वाटलं. ‘थोडेसे’ म्हणजे वाण्याकडचं. मग ‘अंमळ’ सापडला आणि मी आठवडाभर अंमळ हसलो, अंमळ वाकलो. पेशवाईलाही तो शोभतो. पण तिघांनी इतकं डोकं खाल्लं, की तोही यादीत जाईल या भीतीने मी त्याला म्यानात ठेवला. शब्द गाळून नुसतं ‘हसतात’ लिहिलं तर पंत उगाच मोठ्याने हसल्यासारखे वाटतात. त्या माणसाचा आवाज कधी वाढलेला नाही हो. हिशेबाची वही बगलेत धरून कडेकडेने चालणारा तो माणूस आहे, त्याचं सगळंच किंचित.

परवा रात्री आम्ही चौघे वाड्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. कुणाला काही सुचत नव्हतं. यमुना मटकन खाली बसली होती. सातपूरकराने आधी एवढंच सांगितलं होतं, की नवीन एक जण येईल, सांभाळून घ्या. पावणेअकराला ओळ आली, ‘भागीरथी तेलीण गल्लीतून येते.’ आम्ही रामराम केला. तिने वाड्यात दिव्यांना तेल लागतं का विचारलं. मग, ‘भागीरथी क्षणभर थांबते आणि घागर खाली ठेवते.’

गोसाव्याने नजर रोखली नाही. यमुना वळली नाही. कुणीच काही लिहीना. थोड्या वेळाने पुढची ओळ आली, ‘भागीरथी क्षणभर थांबून आभाळाकडे बघतो.’

बाईंनी तो ‘तो’ दुरुस्त केला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी दोन टिंबं दिली. काय लिहावं सुचेना, कर्सर लुकलुकत होता. ‘गंगाधरपंत किंचित सरकून पायरीवर जागा करून देतात.’

खाली प्रोग्रॅमची ओळ उमटली, ‘गंगाधरपंत, दंड १ मिसळ.’

आणि तिच्याखाली भागीरथीची, ‘माझी तिखट सांगा.’