पंखे बंद करा, वारा बघायचाय

सभागृहात सगळे स्थिरस्थावर झाले की अण्णा उठायचे आणि म्हणायचे, "पंखे बंद करा." मग खिशातून एक लहानशी कापडी पुरचुंडी काढायचे. मळून काळी पडलेली, तोंडाशी सुतळी बांधलेली. ती हलकेच झटकली की चिमूटभर राख उडायची, जरा वेळ तरंगायची आणि दाराकडे सरकायची. "वारा तिकडे चाललाय. रेडा दाराशी असता तर आपला वास लागून एव्हाना पळाला असता." आमच्या शिकारी मंडळाचा वार्षिक मेळावा असा सुरू व्हायचा. माझी आफ्रिकाही तिथूनच सुरू झाली.

गेल्या 22 वर्षांत मी एकही मेळावा चुकवलेला नाही. वर्षभर सातव्या मजल्यावरचं घर, ऑफिस, रेंजवरची कागदी निशाणं आणि जमेल तेव्हा परवान्याची एखादी छोटी शिकार. पण त्या एका दिवशी लांब टेबलावर काडतुसं उभी करून ठेवलेली असायची आणि हात लावायला मनाई नसायची. .375 मॅग्नम आणि शेजारी .470 नायट्रो एक्सप्रेस. एकीची गोळी साधारण 300 ग्रेनची, दुसरीची 500 ग्रेनची; ग्रेन हे गोळी तोलायचं माप. .470 तळहातावर घेतलं की बोटं आपोआप मिटायची. .375 चा जन्म 1912 चा, आणि आजही आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत मोठ्या, धोकादायक जनावरासाठी त्याहून लहान बोअर, म्हणजे नळीचा व्यास, चालत नाही. हे अण्णांनी इतक्यांदा सांगितलंय की मंडळातल्या पोरांनाही पाठ आहे.

भिंतीवर अण्णांचा आफ्रिकेचा नकाशा टांगलेला असायचा. जिथे शिकार खुली, तो देश हिरव्या पेन्सिलीने रंगवलेला. केनिया मात्र कोरा. तरुणपणी अण्णा तिथे जाऊन आले होते, पण 1977 मध्ये तिथे शिकार बंद झाली. बोत्स्वाना त्यांनी 2014 मध्ये खोडरबराने पुसला आणि 2019 मध्ये पुन्हा रंगवला. त्याच वर्षी टांझानियातल्या सेलूस या राखीव जंगलाचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान झाला, तेव्हा तेवढा हिरवा रंगही त्यांनी सगळ्यांसमोर पुसला. ज्याचं नाव त्या जंगलाला दिलं तो शिकारी फ्रेडरिक सेलूस 1917 मध्ये त्याच मुलखात लढताना मारला गेला आणि तिथेच पुरला गेला, हे सांगताना अण्णा खोडरबर हातात धरून थांबले होते. त्या दिवशी जेवताना आमच्या टेबलावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

वादही व्हायचे, आणि मला ते आवडायचे. शिकार हवीच कशाला, असं पाहुण्यांपैकी कुणी विचारलं की नामिबियाचा विषय निघायचा. 1996 च्या कायद्याने तिथल्या गावांना आपल्या भागातल्या जनावरांवर हक्क मिळाला, शिकारीचा पैसा आणि मांस गावात येऊ लागलं. ज्याच्या शेतात हत्ती शिरतो त्याला त्या हत्तीचा काही उपयोग दिसला तरच तो त्याला टिकू देईल, असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

पण सगळ्यात जास्त मन रमायचं ते केप बफेलोत, म्हणजे आफ्रिकेतल्या रानरेड्यांत. कळप सोडून चिखलात लोळत राहणारे म्हातारे रेडे, त्यांना तिकडे 'डागा बॉय' म्हणतात. डागा म्हणजे चिखल. शिंगांची मुळं कपाळावर एकत्र येऊन दगडासारखी कडक झाली असतील तरच बंदूक उचलायची. मधे मऊ, केसाळ भाग दिसला तर रेडा अजून तरणा आहे, सोडून द्यायचा. अण्णा झांबियातल्या लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात एका रेड्यामागे सकाळपासून चालले होते. माग काढणारा माणूस पुढे, वाकून शेणात बोट घालून ऊब बघणारा. दुपारी रेडा दिसला, शिंगं मधे मऊ होती. अण्णा परत फिरले. न मारलेल्या त्या रेड्याची गोष्ट मी दरवर्षी मागून घ्यायचो. त्यांच्या वहीत तिथल्या मोपाने झाडाचं एक पान होतं, फुलपाखराच्या पंखांसारखं दुहेरी. ते हातात घेतलं की पोटात काहीतरी हलायचं.

मी घरी तीन काठ्यांची तिवई केली आहे. रोज सकाळी गॅलरीत उभा राहून तिच्यावर रिकामी रायफल टेकवतो, वीसदा नेम धरतो आणि ठेवून देतो. मुलांची शिक्षणं, आईचं आजारपण, घराचं कर्ज. दरवर्षी "पुढच्या वर्षी" म्हणत राहिलो. अण्णा कधी टोकायचे नाहीत. फक्त निघताना विचारायचे, "काठ्यांवर हात बसला का?"

आता त्यांना उभं राहवत नाही, म्हणून या वर्षी नव्या पोरांना तिवई शिकवायचं काम माझ्याकडे आलं. अण्णा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. जनावराच्या पुढच्या पायाच्या रेषेत वर या, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबा, हृदय तिथे असतं, असं मी सांगत होतो. एका मुलाने विचारलं, "काका, तुम्ही आफ्रिकेला कधी गेला होता?"

"अजून नाही गेलो," मी म्हणालो. "पाय जरा फाकव. हं, आता श्वास अर्धा सोड."