खडीवरून काँक्रीटवर: वळणात गाडी आवळते तेव्हा

नदीचं पात्र ओलांडून खिंडीत चढणारी ही वाट फोर-व्हील गाडीला फारशी अवघड नाही. पात्रात गोटे, मग सैल खडीचा चढ. फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाने) टाकून निर्धास्त जा. पात्रातून बाहेर काढणारा उभा चढ तेवढा फोर-एलमध्ये (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त जोर) घ्या आणि त्याआधी गाडी पूर्ण थांबवून गिअर न्यूट्रलला आणा.

कस लागतो तो वरच्या वळणांवर. पाण्याने वाहून जाणारी वळणं काँक्रीटने बांधून काढली आहेत, अधूनमधून जुनं डांबर टिकून आहे. खडी, काँक्रीट, खडी, डांबर असं सतत चालू असतं. प्रत्येक वेळी लिव्हर कोण हलवणार म्हणून बरेच जण फोर-एच तसाच ठेवतात.

आमच्या पुढच्या गाडीनेही तसाच ठेवला होता. काँक्रीटच्या एका अरुंद वळणावर तिचं स्टिअरिंग जड झालं, गाडी हँडब्रेक लावल्यासारखी अडली, एक चाक कर्रकन घसरून पुढे उडालं आणि काँक्रीटवर रबराचा काळा ओरखडा उमटला. चालकाने टू-एच (फक्त दोन चाकांना ताकद) घ्यायचा प्रयत्न केला, लिव्हर हलेना. मग तो अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लागला. आम्ही त्याला थांबवलं, मागे माणूस उभा केला आणि ज्या वळणाने तो आला होता त्याच वळणाने गाडी हळूहळू मागे घ्यायला लावली. दोनेक गाड्यांच्या लांबीएवढं मागे गेल्यावर लिव्हर खट्कन सुटला.

यात गाडी बिघडलेली नव्हती. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. २.८ मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली, गाडी घ्या. पुढचा अ‍ॅक्सल ६ मीटर त्रिज्येवर वळत असेल तर मागचा साधारण ५.३ मीटरवर असतो. गाडीचं तोंड उलट दिशेला फिरवणाऱ्या अशा एका वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा दोन मीटरहून जास्त चालतात, म्हणजे टायरचा जवळजवळ एक पूर्ण फेरा. अ‍ॅक्सलचं गिअर गुणोत्तर चारच्या आसपास असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार फेरे, तर पुढच्या-मागच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यांमध्ये) साडेतीन फेऱ्यांहून अधिक तफावत पडते. पण पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या गाडीत, ट्रान्सफर केसने (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीने) हे दोन्ही शाफ्ट एकत्र जखडलेले असतात. खडीवर चाक जरासं घसरतं आणि ताण निघून जातो. काँक्रीटवर टायर पकड सोडत नाही, मग तो ताण शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये साठतो.

डावं वळण घेतलं की पुढच्या उजव्या वळणात हिशेब फिटतो, असं सांगणारे भेटतात. ते चूक आहे. डावीकडे वळा की उजवीकडे, जास्त अंतर पुढच्याच चाकांना जावं लागतं, त्यामुळे नागमोडी वाटेवर ताण वाढतच जातो. तो उलगडायचा तर आलेल्या वळणानेच मागे जायला हवं. जागा नसेल तर गाडी सरळ करून थोडी पुढे-मागे हलवा, किंवा एका बाजूची चाकं कडेच्या सैल मातीवर घाला. जोर लावून लिव्हर ओढू नका.

माझा सल्ला असा की काँक्रीट दिसलं की वळण सुरू होण्याआधीच, चाकं सरळ असताना, टू-एच घ्यायचा. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलला की लिव्हर सहज येतो. कोरड्या काँक्रीटवर टू-एचलाही पुरेशी पकड मिळते. ओलं काँक्रीट थोडं जास्त घसरू देतं, पण त्याच्या भरवशावर फोर-एच ठेवू नका. सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी) असलेल्या गाड्यांना ही अडचण नाही, मात्र त्याचं लॉक पात्रात लावलं असेल तर वर येण्याआधी काढा. मागचा डिफ-लॉकही काढायला विसरू नका. तो मागच्या दोन चाकांना एकाच वेगाने फिरवतो आणि वळण आणखी जड करतो.

निघण्याआधी टायर बघाच. पुढे झिजलेले आणि मागे नवे असतील तर परिघात एक-दीड टक्क्याचा फरक सहज पडतो, मग फोर-एचमध्ये सरळ रस्त्यावरही ताण चढत राहतो. पात्रासाठी हवा कमी करायची तर चारही चाकांची सारखीच करा.

लिव्हर टू-एचला आला तरी डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकत राहिला तर आतली पकड अजून सुटलेली नाही. तो विझेपर्यंत गाडी सरळच चालवा आणि मगच पुढच्या वळणात घाला.