वरच्या वाड्यावरची विहीर

शुक्रवार, रात्री उशिरा

खाणीच्या गाळाविरुद्धच्या खटल्यातल्या आमच्याच वकीलसाहेबांनी काही वाकडं विचारलं नाही. "ती वरची विहीर अहवालात घालायलाच हवी का?" एवढंच. कागद चाळता चाळता, नेहमीच्याच आवाजात. तेव्हापासून ते वाक्य घशात कुसळासारखं अडकलंय. समोरच्या बाजूने विचारलं असतं तर दोन मिनिटांत विसरून गेले असते.

वरची विहीर म्हणजे आमचा तुलनेचा नमुना. डंपच्या, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, चढाच्या अंगाला, पाणी जिकडून येतं तिकडे. खालच्या विहिरींत मँगनीज जास्त, वरच्या विहिरीत नाही, म्हणजे मधे जे आहे त्याने केलं, असा सरळ हिशोब होता. आणि वरचीचं मँगनीजही लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर आलं. ०.३ च्या आत आहे. दुसरं पाणी नसेल तर तेवढं चालतं, असं भारतीय मानकच म्हणतं. पण हिशोब मोडला तो मोडलाच.

अशा वेळी पहिली शंका गाळणीवर. धातूंची बाटली विहिरीच्या काठावरच ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून भरायची आणि मग नायट्रिक ॲसिड, पीएच दोनच्या खाली जाईपर्यंत. क्रम उलटा झाला, गढूळ पाण्यात आधी ॲसिड पडलं, की मातीच्या कणांवर बसलेलं लोह आणि मँगनीज सुटतं आणि प्रयोगशाळा तेही इमानेइतबारे मोजते. म्हणून बाटल्या दोन: एक गाळलेली, एक न गाळलेली. दोघींतला फरक म्हणजे गाळाचा वाटा. लाल पाण्याने पडदा लवकर तुंबतो, आणि सिरिंज जोरात दाबली तर आतल्या आत फाटतो, बाहेरून काही कळत नाही. म्हणून बेतानेच दाबायची. सिरिंज-पडद्यातूनच काही मिसळत नाही ना, हे बघायला त्याच सिरिंजमधून, तशाच पडद्यातून शुद्ध पाणी काढून तिसरी बाटली. ती स्वच्छ आली. गाळलेल्या आणि न गाळलेल्या बाटलीतही फार फरक नाही. म्हणजे आकडा खरा आहे. खोटा निघाला असता तर बरं, असं एकदा मनात येऊन गेलं. लिहून ठेवते.

कारणही काही गूढ नाही. गोव्यातल्या या डिचोलीच्या पट्ट्यात जमिनीखाली मँगनीज असलेला फायलाइट खडक आहे, पाणी त्यातूनच झिरपतं. मे महिन्यात विहीर तळाला जाते, पाला कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मँगनीज विरघळून वर येतं. चतुर्थीच्या सुमारास हीच विहीर वेगळा आकडा देईल.

त्या विहिरीच्या आजींना आपल्या पाण्याचा किती अभिमान. अख्खा वाडा पितो, बाय. पाण्यावर तेलकट तवंग दिसतो म्हणून मात्र त्या घाबरल्या होत्या. काडीने डिवचला तर काचेसारखे तुकडे पडून तसेच तरंगत राहिले. ते लोहाचे जिवाणू. डिझेल असतं तर काडी काढताच तवंग पुन्हा मिळून आला असता. ते ऐकून त्यांना हायसं वाटलं. आता मँगनीजचं कोण सांगणार त्यांना? ते नंतर.

राग कशाचा येतोय, तेच उलगडत नाही. साहेब लबाड नाहीत. खालच्या वायंगणात, उन्हाळी भाताच्या शेतात, लाल गाळ बसलाय, लावणी होत नाही, हे त्यांनाही दिसतं, मलाही. प्रदूषण मंडळाने घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्याला १९७४ च्या जल कायद्याचं कलम २१ आहे: जागेवर नोटीस, मागितले तर दोन भाग, सील, सह्या; त्यात चूक झाली की पृथक्करण पुराव्यात येत नाही. नको असलेली विहीर अहवालातून वगळू नये, असं मात्र कुठल्याच कलमात नाही. ते आपलं आपण ठरवायचं, आणि ठरवताना आपलीच माणसं तोंडाकडे बघत असतात. वर हेही खरं, की खाणी सुरू व्हायच्या आधीचं विहिरींचं पाणी कुणी बाटलीत भरून ठेवलेलं नाही. पोर्तुगीजांनी कन्सेशन दिली, १९८७ च्या कायद्याने त्यांची लीज झाली, २०१२ ला खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली. या सगळ्याचे कागद हवे तेवढे आहेत. मूळ पाणी कसं होतं, हे मात्र मी सिद्ध करायचं.

पुरे रडगाणं.

पाण्यात मिळत नाही तर चिखलात बघायचं. खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेताच्या, आतला नाही. बांध दुरुस्त करायला तोच उकरून लावतात, थरांची सरमिसळ होते. बांधाबाहेर, खारफुटीच्या कडेला, माती न हललेली जागा हवी. ओहोटीला पीव्हीसीचा पाइप दाबत न्यायचा. चिखल आत दबतो, म्हणून पाइपच्या आतली आणि बाहेरची पातळी मोजून फरक लिहायचा, नाहीतर पुढे खोलीचं गणित फसतं. वरची पोकळी पाण्याने भरून बूच घट्ट बसवायचं आणि मग उपसायचं. हवा राहिली तर खालचा, म्हणजे नेमका जुना चिखल, सुटून भोकातच राहतो. मग उभा चिरून सेंटीमीटरच्या चकत्या. पाइपला घासलेली कड टाकून द्यायची.

चकत्यांचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून. त्याचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षं, म्हणजे शंभरेक वर्षं मागे जाता येतं. खाणींच्या आधीपर्यंत पोचायला तेवढं पुरे. लोह नुसतं मोजायचं नाही, ॲल्युमिनियमने भागायचं, कारण बारीक चिखलात धातू एरवीही जास्त बसतात. मँगनीज इथेही दगा देतं: खालच्या बिनप्राणवायूच्या चिखलातून विरघळून वर चढतं आणि वरच्या थरात पुन्हा जमतं. तो फुगलेला आकडा बघून कुणीही खाणीकडे बोट दाखवेल.

म्हणून शेवटी लोहाचे कणच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. रेझिनमध्ये बसवून, घासून, परावर्तित प्रकाशात. चिऱ्याच्या (जांभ्याच्या) मातीतलं लोह बहुतेक गोएथाइट हे खनिज, थरावर थर चढलेलं. पट्टेदार लोहखडकातलं, म्हणजे खाणीच्या खनिजातलं, मार्टाइट (मॅग्नेटाइट बदलून झालेलं हेमॅटाइट) वेगळं ओळखू येतं: मधे जुन्या मॅग्नेटाइटचा ठिपका, आणि त्याला छेदत जाणाऱ्या हेमॅटाइटच्या पांढुरक्या रेघा, एकमेकींशी त्रिकोण करणाऱ्या. डोंगर आपणहूनही झिजतो, तेव्हा असे कण जुन्या थरातही थोडे मिळणारच. ते कुठल्या थरापासून वाढले, एवढंच बघायचं. बंदीनंतरच्या थरात एकदम घट दिसेल, अशीही आशा नको. ट्रक थांबले तरी डंप जागच्या जागी, प्रत्येक पावसात धुपतायत.

तेव्हा वरची विहीर पहिल्याच तक्त्यात जाणार. मे महिन्याचा आकडा, शेजारी पावसानंतरचा. खालच्या विहिरींतलं सगळं मँगनीज खाणीचं, हे वाक्य निघणार. शेतातला गाळ कुठून आला, ते राहणार. साहेब कपाळाला हात लावतील, मग चहा मागवतील. समोरचा तज्ज्ञ त्याच विहिरीत बादली सोडणार होताच, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. मग विचारलं कशाला?

पाइपला बूच दोन्ही टोकांना लागतात. आहेत त्यातली अर्धी सैल झालीत. नायट्रिकही संपत आलंय आणि कुरिअरवाले ॲसिड घेत नाहीत. सोमवारी पणजीला कुणालातरी पिटाळायला हवं.