आमची वाटचाल आणि चितार ओळीतली एक रेघ

2011 साली नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळच्या दहा बाय बाराच्या एका खोलीत वहिनींनी आणि मी ब्रायडल मेकअपचे काम सुरू केले. दोन खुर्च्या, एक आरसा आणि वहिनींच्या माहेरून आलेले प्रकाशयोजनेचे दोन लोखंडी स्टँड एवढेच आमचे भांडवल होते. वहिनींच्या वडिलांचा इतवारीत फोटो स्टुडिओ होता आणि लहानपणापासून त्यांच्या हाताखाली वावरल्यामुळे कॅमेरा आणि प्रकाश या दोन्ही गोष्टी वहिनींच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. उजेड तोंडावर फेकायचा नसतो, गालावर ठेवायचा असतो, असे त्या आजही आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगतात.

सुरुवातीची तीन वर्षे आम्ही इतर सारे करत होते तेच केले. मुंबई-दिल्लीच्या नवरींचे फोटो फोनवर पाहायचे, तसाच स्मोकी डोळा, तसेच काँटूर, तसेच हायलायटर करायचे आणि आपल्या पेजवर टाकायचे. काम स्वच्छ होते, पण आमचा फोटो आणि धरमपेठेतल्या कोणाचा फोटो शेजारी ठेवला असता, तर कोणता कोणाचा हे आम्हालाही ओळखता आले नसते.

2014 च्या श्रावणात घरच्या गणपतीची मूर्ती सांगण्यासाठी मी चितार ओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, गेले होते. पाऊस लागल्यामुळे एका मूर्तिकार काकाजींच्या मांडवात थांबले आणि तिथेच दोन तास बसून राहिले, कारण ते त्या वेळी डोळ्यांची आखणी करत होते. शून्य क्रमांकाचा ब्रश, त्यावर जेमतेम टोक भिजेल एवढाच काळा रंग, हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, आणि नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे जाणारी ती एकच रेघ. रेघ ओढताना ब्रश सरकत नव्हता, मनगट सरकत होते. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘श्वास थांबवा ना बाई, मंग पाहा, हात हालतच नाही.’’ मूर्तीच्या पापणीवर त्यांनी रंगाआधी पांढरे अस्तर दिले होते. त्याशिवाय पिवळा रंग उठत नाही, हेही त्यांनीच सांगितले. आमच्या धंद्यात पिवळी आयशॅडो ठिपक्याठिपक्यांनी बसते म्हणून सगळ्याजणी कंपनीला दोष देतात. पांढऱ्या बेसवर तीच शॅडो लावली की ती एकसारखी बसते, हे मला मेकअपच्या कोणत्याही वर्गात कोणी शिकवले नव्हते.

पुढचे दोन महिने मी रोज रात्री जेवणे झाल्यावर पालथ्या ताटलीवर जेल लायनरने रेघा ओढत असे. करंगळीखाली पावडरचा पफ, कोपर पोटाशी, श्वास थांबलेला. चितार ओळीतल्या त्या रेघेवर आम्ही एक छोटी चित्रफीत केली. तिच्यात काकाजींचा हात आणि माझा हात आळीपाळीने दिसतो. काकाजींची परवानगी घेऊन, चितार ओळीचे नाव लिहून ती टाकली आणि प्रथमच लोकांनी विचारले, की हे कुठे शिकलात.

त्यानंतर आम्ही गावातच शोधू लागलो. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये कळमन्याला येतात तेव्हा वहिनी मला घेऊन भल्या पहाटे बाजारात गेल्या. ढिगातले एक संत्रे उचलून त्यांनी ते आधी दिव्याच्या समोर धरले आणि मग दिवा एका बाजूला येईल असे फिरवले. समोरच्या पसरट उजेडात साल गुळगुळीत दिसत होती, बाजूच्या उजेडात तिचे एकूण एक छिद्र सावली टाकून उभे राहिले. नवरीची त्वचा फोटोत खडबडीत का दिसते, हे मला फाउंडेशनच्या दहा बाटल्या बदलून समजले नव्हते, ते त्या एका संत्र्याने समजावले. तेव्हापासून हंगामात खुर्चीवर नवरीच्या आधी संत्रे बसते, त्याच्यावर दिवे लावून पाहिले जातात आणि मगच मुलीला बोलावले जाते. डोळ्यांखालच्या निळसर काळेपणावर नारिंगी करेक्टर का लावतात, तेही आम्ही संत्र्याच्या फोडीशेजारी तो रंग ठेवूनच दाखवले. रंगचक्रात निळा आणि नारिंगी समोरासमोर असतात आणि एक दुसऱ्याला मारतो, एवढेच त्यामागचे कारण आहे.

2018 मध्ये आम्ही मारबतीवर, म्हणजे नागपुरात मिरवणुकीने नेऊन जाळल्या जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांवर, काम केले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत काळी आणि पिवळी मारबत निघते, ती नागपूरकराला सांगण्याची गरज नाही. 1880 च्या दशकापासून चालत आलेल्या या मिरवणुकीकडे सौंदर्याच्या दृष्टीने कोणी पाहिले असेल असे मला वाटत नाही. आम्ही जागनाथ बुधवारीत उभे राहून पिवळीचे ते टपोरे डोळे पाहिले आणि दोन चेहरे केले. एकीच्या पापण्या पांढऱ्या अस्तरावर हळदी पिवळ्या, दुसरीच्या पूर्ण काळ्या. काळी पूड गालावर सांडते म्हणून त्या चेहऱ्याचे डोळे आधी केले आणि फाउंडेशन मागाहून लावले. पिवळ्या चेहऱ्यासाठी आमच्या जुन्या ग्राहक असलेल्या एका शिक्षिकेची धाकटी मुलगी बसली होती. त्या शिक्षिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणतो. मुलीच्या डाव्या भुवईखाली तीळ आहे आणि वहिनींनी तो मुद्दाम उजेडात ठेवला होता.

तीन आठवड्यांत तेच फोटो शहरातल्या एका मोठ्या पार्लरच्या पेजवर त्यांच्या नावाने लागले. खालचे आमचे नाव कापलेले होते. मी भेटायला गेले तेव्हा चहा पाजून मला सांगण्यात आले, की कल्पनेचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. कल्पनेचे सोडा, तो फोटो आमचा होता. तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम सुरू झाला तेव्हा मुली आमचाच फोटो आम्हाला दाखवून म्हणत, की हे तिकडे अमुक हजारांत करतात, तुम्ही किती कमी कराल. एका मुलीच्या आईने तर आम्हीच नक्कल केल्याचे तोंडावर सुनावले. ठरलेली कामे एकामागून एक मोडली, चार महिन्यांचे भाडे थकले आणि वहिनींनी कॅमेऱ्याची मोठी लेन्स विकायला काढली. मूळ फायली तारखेसह आमच्याकडे होत्या, परंतु त्या पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही.

मोठ्या बाईंना हे कळले ते मुलीच्या मैत्रिणीकडून. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या मुलीला घेऊन थेट त्या पार्लरमध्ये गेल्या, भरलेल्या दालनात तिला फोटोसमोर उभे केले आणि म्हणाल्या, ‘‘हा तीळ माझ्या लेकीचा आहे, तुमच्याकडे ही कधी आली होती, तेवढं सांगा.’’ दोन दिवसांत फोटो उतरले. माफीचा शब्द मात्र तेव्हाही आला नाही आणि आजवर आलेला नाही. ती जखम भरली असे मी खोटे लिहिणार नाही. त्याच आठवड्यात बाईंनी थोरल्या मुलीच्या लग्नाचे काम आमच्याकडे दिले आणि सगळी रक्कम आगाऊ टेबलावर ठेवली. त्या रकमेतून भाडे चुकते झाले आणि लेन्स घरातच राहिली.

2020 च्या मार्चमध्ये लग्ने थांबली, जूनअखेर टिकटॉकवर बंदी येऊन तिथले आमचे सगळे प्रेक्षक एका रात्रीत गेले, तेही सोसले. त्यानंतरची वर्षे चांगली गेली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलींना मी सांगेन, की फोन पाहून कल्पना शोधू नका, कारण तुम्ही पाहता तोच फोटो त्याच वेळी हजारजणी पाहत असतात. वही घेऊन बाजारात जा, कारागिरासमोर बसा, त्याला विचारूनच त्याचा हात दाखवा आणि गल्लीचे नाव लिहा. मूळ फायली जपून ठेवा. फोटोत आपला हात असा येऊ द्या, की तो कापला तर चेहराही कापला जाईल. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय तारीख देऊ नका, आणि एका नवरीचे ब्रश धुतल्याशिवाय दुसरीला लावू नका.

मागच्या वैशाखात बाईंच्या त्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. मुहूर्त सकाळचा होता, म्हणून पहाटे चारला आम्ही त्यांच्या घरी पोहोचलो. तेव्हाही हवा तापलेलीच होती आणि वीज गेलेली होती. वहिनींनी बॅटरीचा दिवा पांढऱ्या ओढणीआड धरला. करंगळी गालावर टेकवून मी रेघ ओढली आणि कन्सीलरची डबी उघडली, तेव्हा मागून बाईंचा आवाज आला, ‘‘तीळ झाकू नका.’’ मी डबी मिटून बाजूला ठेवली.