गुडघ्याखालची बायपास: स्वतःची शीर की कृत्रिम नळी?

पायाचीही बायपास होते, हे अंगठा काळा पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. जुनी शुगर, त्यात आधी झालेली हृदयाची बायपास. नवी चप्पल डाव्या अंगठ्याला चावली, फोड चिघळला आणि रात्री पाय पलंगाखाली लोंबता सोडल्याशिवाय डोळा लागेना. अँजिओग्राफीत कळलं की गुडघ्यामागची धमनी ठीक आहे, पण पोटरीतल्या तिन्ही वाटा बंद. पावलावरची एक तेवढी उघडी. फुग्याने वाट मोकळी करायला गेले, तर धमनीत कॅल्शियम इतकं साचलेलं की फुगा नेणारी तारच पुढे सरकेना.

पहिल्या रुग्णालयात म्हणाले, बंद धमनीला वळसा द्यायला कृत्रिम नळी टाकू, नाहीतर पाय काढावा लागेल. शिरेचा विषयच निघाला नाही. उजव्या पायाची शीर हृदयासाठी काढलेली होती, तेवढं वाचून फाईल मिटली असावी. मुलगी हट्टाला पेटली आणि मला पुण्याला दुसऱ्या व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या, सर्जनकडे घेऊन गेली. ते म्हणाले, "काका, आधी शिरा मोजू, मग बोलू."

या मोजणीला व्हेन मॅपिंग म्हणतात. सुई नाही, भूल नाही, साधी सोनोग्राफी. शिरा फुगाव्यात म्हणून मला स्टुलावर उभं केलं. जांघेपासून घोट्यापर्यंत प्रोब फिरवत सोनोग्राफी करणारी मुलगी मधेमधे दाबून पाहत होती. निरोगी शीर दाबली की चपटी होते, आत गुठळी असेल तर होत नाही. शिरेची रुंदी मांडीत साडेतीन मिलिमीटर, गुडघ्याजवळ तीनच्या थोडं वर, पोटरीत दोन. तीनच्या आतली शीर सहसा घेत नाहीत. पोटरीतली बाद, पण मांडीतली घेण्याजोगी निघाली, आणि मला गुडघ्यापासून पावलापर्यंतचाच तुकडा हवा होता. मग दंडातल्या शिराही मोजून ठेवल्या, वेळ पडलीच तर म्हणून. जांभळ्या मार्करने मांडीवर रेघ ओढली तेव्हा वाटलं, आता कुठे कोणीतरी माझा पाय नीट पाहिला.

कृत्रिम नळी का नको, हे डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. ती पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनच्याच जातीची. मांडीतल्या मोठ्या, जोरकस प्रवाहाला ती बऱ्यापैकी टिकते. माझ्या वॉर्डातल्या एका गृहस्थांना गुडघ्याच्या वर तीच घातली होती आणि ते मजेत हिंडत होते. पण घोट्याजवळ धमनी बारीक, प्रवाह मंद; तिथे नळी गुठळीने लवकर बंद पडते, नळी धमनीला जोडली त्या सांध्याशी आतून जाड थर धरतो. शिवाय माझ्या अंगठ्यात जंतू होते. नळीला संसर्ग झाला तर बहुतेक वेळा ती काढावीच लागते. स्वतःची शीर जिवंत, आतून गुळगुळीत. तिच्यातल्या झडपा रक्त हृदयाकडेच जाऊ देतात, म्हणून ती उलटी करून जोडतात. पॅरिसमध्ये झां कुनलॅं यांनी 1948 साली पायाची बायपास शिरेनेच केली होती. म्हणजे आधी जुनीच गोष्ट विचारायची, नवी नंतर.

मुलीने वाचून ठेवलं होतंच. 2022 च्या बेस्ट-सीएलआय या 1,830 रुग्णांच्या अभ्यासात चांगली सलग शीर असलेल्यांना बायपास सरस ठरली. ती नसलेल्यांत फुगा आणि बायपास यांत विशेष फरक दिसला नाही. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या बॅसिल-2 अभ्यासाने गुडघ्याखाली फुग्याच्या बाजूने कौल दिला. डॉक्टर हसून म्हणाले, "दोन्ही खरे. पण तुमच्या बाबांची तार जातच नाही, मग फुगा कुठून नेणार?" वाद मिटला.

शस्त्रक्रियेचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर नर्स रक्ताचा प्रवाह ऐकवणारा छोटा डॉपलर पावलाला लावायची आणि त्यातून फस्-फस् आवाज यायचा. अंगठा गेला, पाऊल राहिलं. शिरेची किंमत मात्र मांडीने मोजली. जिथून ती काढली तिथली जखम पाझरत राहिली, शुगरमुळे भरायला वेळ लागला. नळी घातली असती तर एवढी लांब चीर टळली असती, हे मान्य करायला हवं. पायाला सूजही बरेच महिने होती.

शीर बसवली म्हणजे सुटलो, असं नाही. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ती अरुंद होऊ शकते आणि दुखत नाही म्हणून कळत नाही. त्यासाठी ठरलेल्या वेळी सोनोग्राफी. माझ्या एका तपासणीत शीर धमनीला जोडली त्या खालच्या सांध्याशी आकुंचन सापडलं, फुग्याने ते वेळीच सैल केलं. ॲस्पिरिन आणि स्टॅटिन चालूच आहेत.

दंडातल्या शिरा आता माझी शेवटची शिल्लक. रक्त घ्यायला येणाऱ्या मुलाला मी हाताची पालथी बाजू पुढे करतो. कोपरापाशी चांगली शीर दिसतेय की काका, असं तो दर वेळी म्हणतो. दिसते, म्हणूनच तिला हात लावू देत नाही.